बोल्ट की पोल्ट? एका कोरियन अभियंत्याच्या इंग्रजी उच्चारांचा प्रकरण अभ्यास

पुण्याभोवतीच्या रांजणगाव, तळेगाव, चाकण या औद्योगिक पट्ट्यात कोरियन कंपन्या आल्या आणि त्यांच्यामागोमाग कोरियन अधिकारी सहकुटुंब राहायला आले. मुलं इंग्रजी शाळेत जातात आणि बघता बघता बोलू लागतात. अडतं ते वडिलांचं. हे प्रकरण अशाच एका गृहस्थांचं आहे. वय पंचेचाळिशीच्या पुढे, मूळ गाव दक्षिण ग्योङसाङ प्रांतातलं छाङवन, शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं, काम रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात उत्पादनावर देखरेख करण्याचं. ओळख पटू नये म्हणून नाव, हुद्दा आणि कंपनी दिलेली नाही. मी पुण्यात प्रौढांना इंग्रजी बोलायला शिकवते. ते माझ्याकडे पावसाळ्यात आले.

त्यांचं इंग्रजी कच्चं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. कोरियात नोकरी-बढतीसाठी टोइक नावाची परीक्षा चालते. तिच्यातल्या ऐकण्या-वाचण्याच्या ९९० गुणांपैकी त्यांना उत्तम गुण होते. ई-मेल तर असे नेटके की आपल्याकडच्या अनेक इंजिनिअरांनी गिरवावेत. पण कोरियात प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी आलं ते १९९७ साली. यांची पिढी माध्यमिक शाळेत जाऊन इंग्रजी शिकली, तीही परीक्षेपुरती. शब्दसंपत्ती मोठी, व्याकरण पक्कं, आणि मशीनशेजारी उभं राहून दोन वाक्यं बोलले की समोरचा सुपरवायझर म्हणणार, "सर, जरा लिहून द्या ना." एकदा पंधरा नगांची मागणी पन्नास ऐकली गेली. त्या दिवशी त्यांनी शिकवणी लावायचं ठरवलं.

त्यांना अमेरिकन उच्चार हवे होते. प्रौढ माणसाची अशी इच्छा मोडून काढू नये असं मला वाटतं, पण कशानंतर काय घ्यायचं हे शिकवणाऱ्याने ठरवावं. रोज त्यांचं बोलणं कोण ऐकतं? शिरूर, पारनेर, दौंड भागातली मराठी मुलं आणि हिंदी बोलणारे कामगार. म्हणून कसोटी त्यांच्या कानांची लावायची, असं मी सुचवलं. बऱ्याच चर्चेनंतर त्यांनी ते मान्य केलं.

ऐकणाऱ्यांचा कागद

आरंभी मी काही शिकवलं नाही. त्यांच्या रोजच्या कामातले शब्द आणि लहान वाक्यं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड केली, दोन सुपरवायझरांना ऐकवली आणि जे कानावर पडलं ते मराठीत लिहायला सांगितलं. मुद्दाम मराठीत. इंग्रजी स्पेलिंग लिहायला सांगितलं असतं तर त्यांनी अंदाजाने बरोबर शब्द लिहून टाकला असता. देवनागरीत आवाज उतरतो.

कागदावर आलं ते असं. बोल्टचं 'पोल्टु', डायचं 'टाय', गेजचं 'केइजी', व्हेंडरचं 'बेंडर', ओन्लीचं 'ओल्ली', स्टॉप मशीनचं 'स्टाम् मशीन', फिफ्टीनच्या जागी एकाने 'पिप्टी' तर दुसऱ्याने 'प्हिप्तीन' लिहिलं होतं. त्यातला एक सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, सर बोलतात ते सगळं समजतं. फक्त आकडा आणि पार्टचं नाव समजत नाही." कारखान्यात त्या दोनच गोष्टी समजणं अत्यावश्यक असतं.

जे खटकलं नाही तेही तितकंच महत्त्वाचं होतं. त्यांचा 'र' जिभेच्या एका टोल्याचा, आपल्या 'र'सारखा. अमेरिकन 'र' नसल्याची कुणी तक्रार केली नाही. 'झीरो'चं 'जेरो' व्हायचं, तेही सगळ्यांना कळलं. यावरून आमची यादी निम्म्याने छोटी झाली.

जेनिफर जेन्किन्स या अभ्यासकांनी २००० साली अशाच दिशेने विचार मांडला होता. दोघांचीही मातृभाषा इंग्रजी नसताना एकमेकांना समजायला कोणते उच्चार लागतातच आणि कोणते सोडून देता येतात, याची त्यांनी विभागणी केली. 'थ'चा अस्सल इंग्रजी उच्चार त्यांनी सोडून देण्याच्या रकान्यात टाकला. शब्दातला आघात, म्हणजे एखाद्या अक्षरावर दिलेला जोर, तोही तिथेच गेला. पहिलं मला पूर्ण पटतं, दुसरं या प्रकरणात पटलं नाही. त्याकडे पुढे येते.

बोल्टचा पोल्ट का होतो

मराठीत ओठांचे चार स्पर्श आहेत, प, फ, ब, भ. कोरियनमध्ये तीन. एक साधा, एक आवळून काढलेला, एक जोराच्या फुंकरीचा. मेख अशी की शब्दाच्या आरंभी या तिघांपैकी एकातही आपल्या 'ब'सारखा घोष, म्हणजे कंठाची थरथर, नसतो. साधा स्पर्श शब्दारंभी किंचित श्वासासह, पण घोषाविना निघतो, म्हणून मराठी कानाला तो 'प' वाटतो. तोच स्पर्श दोन स्वरांच्या मध्ये आला की आपोआप सघोष होतो, 'ब'च होतो. कोरियन माणसाला हे दोन वेगळे आवाज आहेत याची जाणीवही नसते. नकाशे पाहणाऱ्यांना आठवत असेल, जुन्या नकाशांवर पुसान आणि तेगू असायचं. २००० साली कोरियन सरकारने रोमन लेखनाची पद्धत बदलली आणि पुसानचं बुसान, तेगूचं देगू झालं. लोकांच्या तोंडातला उच्चार होता तोच राहिला.

म्हणजे 'ब' त्यांच्या तोंडात होता, फक्त शब्दाच्या दारात येत नव्हता. 'कंठ थरथरवा' असं सांगून काही उपयोग होत नाही, माणूस गळा ताणतो आणि 'प' आणखी जोरात येतो. आम्ही शब्दाआधी स्वर ठेवला. 'अ बोल्ट', 'द बोल्ट', 'माय डाय', 'द गेज'. मध्ये न थांबता म्हटलं की घोष आपोआप आला. मग ओठ मिटून 'म्‌' गुणगुणायचं आणि त्याच आवाजावर 'म्‌-बोल्ट' म्हणायचं. मग 'म्‌' इतका लहान करायचा की फक्त त्यांना जाणवेल. काही आठवड्यांनी कागदावर 'बोल्टु' येऊ लागलं. शेवटचा 'उ' राहिला होता, पण बोल्ट बोल्ट झाला होता.

तो शेवटचा स्वर खरा तर 'उ' नव्हे. ओठ न गोलावता काढलेला एक स्वर कोरियनमध्ये आहे, मराठीत त्याला जोड नाही. कोरियन अक्षराच्या शेवटी फक्त सात व्यंजनध्वनी येऊ शकतात आणि अक्षराच्या आरंभी जोडाक्षर चालत नाही. म्हणून परका शब्द आला की फटी या स्वराने बुजवतात. 'ख्रिसमस' पाच अक्षरांचा होतो, 'स्ट्राइक'ही पाच. च, ज, श नंतर तो 'इ' होतो, म्हणून गेजचं 'केइजी', ऑरेंजचं 'ओरेन्जी'. यावर उपाय साधा आणि वेळखाऊ होता. आधी तो स्वर कुजबुजत म्हणायचा, मग गाळायचा. टाळी वाजवून अक्षरं मोजली, 'बोल्ट'ला एकच टाळी. थकव्याच्या दिवशी तो स्वर परत येतो, आजही येतो.

वाङ्मय, तल्लीन आणि 'ओल्ली'

मला सर्वात आनंद देणारा भाग हा. 'ओन्ली'चं 'ओल्ली' आणि 'स्टॉप मशीन'चं 'स्टाम् मशीन' पाहून सुपरवायझर चक्रावले होते. मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाने मात्र हे बरोबर ओळखायला हवं. वाक् अधिक मय, वाङ्मय. जगत् अधिक नाथ, जगन्नाथ. तत् अधिक लीन, तल्लीन. शाळेच्या व्याकरणात आपण व्यंजनसंधी म्हणून हे पाठ केलं. आपल्याकडे हा नियम संस्कृतातून आलेल्या तयार शब्दांत उरला आहे. कोरियनमध्ये तो रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. त्यांच्या रश्श्याला लिहिताना 'गुक्मुल' आणि बोलताना 'गुङमुल' म्हणतात. 'खाम्साहाम्निदा' हा आभाराचा शब्दही लिहिताना 'हाप्निदा' असतो. प्राचीन सिल्ला राज्याचं नाव लिहितात 'सिन्ला', जेजू बेटावरचा डोंगर लिहितात 'हान्लासान' आणि म्हणतात 'हाल्लासान'.

म्हणजे 'ओल्ली' म्हणणारा माणूस त्याच्या भाषेचा संधिनियम अचूक पाळत होता. मी फळ्यावर वाङ्मय आणि जगन्नाथ लिहून फोड करून दाखवली, तेव्हा ते बराच वेळ त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले की हे चुकीचं उच्चारण आहे असंच त्यांना आजवर सांगण्यात आलं होतं, हा नियम आहे असं कुणी सांगितलं नव्हतं. प्रौढ विद्यार्थ्याला हे कळणं फार मोलाचं असतं. नियम कळला की तो कुठे लागू करायचा नाही हेही ठरवता येतं. 'स्टॉप' आणि 'मशीन' यांच्यामध्ये त्यांनी सूक्ष्म थांबा घ्यायला सुरुवात केली. 'ओन्ली'साठी 'ओन' म्हणून जीभ तिथेच दाबून ठेवायची, नाकातला आवाज पूर्ण होऊ द्यायचा आणि मग 'ली' म्हणायचं.

ल आणि र

कोरियन माणसाला ल-र कळत नाही, हे विधान अर्धंच खरं आहे. त्यांच्याकडे या दोहोंसाठी एकच अक्षर आहे, पण आवाज जागेनुसार ठरलेला. दोन स्वरांमध्ये एकटं आलं की 'र', शेवटी आलं की 'ल', दुहेरी आलं की 'ल्ल'. प्रेमाला 'सारांग', लवकरला 'प्पाल्ली'. ओढाताण होते ती शब्दाच्या आरंभी, कारण दक्षिण कोरियात देशी शब्दांच्या आरंभी हा आवाज टाळलाच जातो. इंग्रजीत 'ली' लिहिलं जाणारं आडनाव सोलमध्ये 'ई' म्हणून उच्चारतात. त्यामुळे 'लाइन' आणि 'रिपोर्ट' यांच्या आरंभी जीभ कुठे ठेवायची याची सवयच नसते.

रांजणगावच्या कसोटीवर 'र' आधीच उत्तीर्ण होता. 'अ रिपोर्ट' म्हणून 'अ' गाळला की झालं. 'ल'साठी 'प्पाल्ली' हा त्यांचा दिवसातून शंभरदा तोंडात येणारा शब्द घेतला. 'प्पाल्ली', मग 'ल्ली', मग 'लीड', 'लाइन', 'लॉट'. इथे हांगुल या कोरियन लिपीचीही मदत झाली. सेजोङ राजाच्या काळात १४४३ मध्ये ही लिपी तयार झाली आणि १४४६ मध्ये लोकांसमोर आली. तिच्यातल्या 'न' अक्षराचा आकार म्हणजे वरच्या बाजूला टेकलेल्या जिभेचं चित्र आहे. आपली वर्णमाला कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानाने लावलेली, त्यांची अक्षरं मुखातल्या अवयवांच्या आकाराची. दोघांनाही उच्चारस्थानाची भाषा लहानपणापासून ठाऊक. 'न'ला जीभ जिथे टेकते तिथेच ठेवून बाजूने हवा सोडा, एवढं सांगितलं तरी पुरे झालं.

जे घरात नव्हतं

फ आणि व्ह मात्र कोरियनमध्ये नाहीत. फाइल त्यांच्याकडे ओठ जोडून 'प्हाइल'. आपणही 'फळ' आणि 'फोन' यांचे 'फ' वेगळे म्हणायचो, आता अनेकांच्या तोंडी दोन्ही एक झाले आहेत. मी दोन्ही जुन्या पद्धतीने म्हणून दाखवले, त्यांना फरक डोळ्यांनी दिसला, वरचे दात खालच्या ओठावर. सराव इतका कंटाळवाणा की सविस्तर लिहिण्यासारखं काही नाही. रोज, थोडा थोडा, इतकंच.

व्हेंडरचं मात्र तातडीचं होतं. त्यांच्या विभागात पत्रा वाकवणारं मशीन आहे आणि 'बेंडर' म्हटलं की लोक तिकडे पळत. इथे आम्ही जवळची वाट घेतली. मराठी माणूस 'व' एकाच आवाजाने चालवतो, आणि कोरियन चलनाच्या 'वन'मध्ये ओठांचा 'व' आहेच. म्हणून आधी 'वेंडर'. रांजणगावात ते लगेच समजलं. दात टेकवून 'व्हेंडर' नंतर आलं, परदेशी पुरवठादारांशी बोलण्यासाठी. 'थ्री'लाही तसंच. ते 'स्स्री' म्हणत. त्यांच्या 'थोक्की'मधला, म्हणजे सशाच्या शब्दातला फुंकरीचा आवाज आपल्या 'थ'च्या अगदी जवळचा आहे. तो लावला की मराठी कानाला स्वच्छ 'थ्री' ऐकू येतं.

'झ'साठी मी आग्रह धरला नाही. पण हांगुलच्या आरंभीच्या अठ्ठावीस अक्षरांत याच आवाजासाठी एक अक्षर होतं, पुढे तो आवाज बोलण्यातून गेला आणि अक्षरही गेलं, हे त्यांनीच मला उत्साहाने सांगितलं. त्यानंतर ते 'झीरो' स्वतःहून घोटू लागले.

आकडे, आणि छाङवनचा सूर

फिफ्टीन आणि फिफ्टी यांतला शेवटचा 'न' मशीनच्या आवाजात बुडतो. मग उरतो तो आघात. 'फिफ्टीन'मध्ये तो मागे, 'फिफ्टी'मध्ये पुढे. सोलच्या प्रमाण कोरियनमध्ये शब्दागणिक ठरलेला आघात नाही, म्हणून कोरियन माणूस सगळी अक्षरं सारख्या वजनाने टाकतो. आपणही बरेचदा तेच करतो, त्यामुळे हा घोळ दोन्हीकडून वाढतो. जेन्किन्स यांच्याशी माझं इथे जुळत नाही. निदान आकड्यांपुरता तरी शब्दातला आघात सोडून चालत नाही.

आणि इथे त्यांचं गाव उपयोगी पडलं. ग्योङसाङच्या बोलीत सूर अर्थ बदलतो. कोरियनमध्ये दोन या आकड्याला 'ई' म्हणतात आणि गणितातल्या ई या संख्येलाही 'ई'. सोलचा माणूस 'दोनचा ई घात' आणि 'ईचा दोन घात' तोंडी सांगताना गोंधळतो, ग्योङसाङचा माणूस नाही. तो गणितातल्या 'ई'वर सूर चढवतो. कोरियात हे प्रसिद्ध उदाहरण आहे. पण सोलमध्ये नोकरी करताना त्यांनी ही बोली लपवायला शिकून घेतलं होतं. मी ते उदाहरण म्हणायला सांगितलं तेव्हा ते आधी संकोचले. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्याला पुण्यात आल्यावर जे वाटतं, तेच. मी म्हटलं, "सर, घरी आईशी बोलता तसं म्हणा." त्यांनी दोन आणि ई यांच्या चारही जोड्या म्हटल्या आणि चारही वेळा सूर वेगळा लागला. मग तोच चढता सूर 'टीन'वर ठेवायला सांगितला. फिफ्‌-टीन. थर्‌-टीन. त्या संध्याकाळी त्यांना जे जमलं ते परत बिघडलं नाही. पुढे 'मेंटेनन्स', 'कंपोनंट', 'क्वालिटी' हे शब्दही याच वाटेने सुधारले.

तरीही आकड्यावर पैसा आणि सुरक्षितता अवलंबून असते, म्हणून आकडा म्हटल्यावर अंक सुटे सांगायचे, 'फिफ्टीन, वन फाइव्ह', असा नियम त्यांनी विभागात घालून दिला. एका ऑपरेटरने त्यांना पंधरा आणि पन्नास शिकवले. तेही ते आता वापरतात.

दुसऱ्या बाजूची शिकवणी

ऐकण्यात त्यांचीही अडचण होती. मराठी माणूस 'पिन' म्हणतो तेव्हा 'प' कोरडा असतो, फुंकर नसते. इंग्रजी भाषक तिथे जोराची फुंकर घालतो आणि कोरियन कान त्या फुंकरीवरच 'प' ओळखतो. आपली 'पिन' त्यांना आवळलेल्या स्पर्शाची वाटायची, आणि कारखान्यात पार्ट ठेवायची 'बिन'ही असते. पिन मागितली की ते बिनकडे बघत. म्हणून त्यांच्या संमतीने मी सुपरवायझरांची एक बैठक घेतली. तळहात तोंडासमोर धरून 'प', 'ट', 'क' फुंकरीसह म्हणायचे. मुलांना ते चटकन आलं, कारण फ, ठ, ख त्यांच्याकडे आहेतच, इकडे थोडं झुकायचं इतकंच. अशा प्रकरणांत ऐकणाऱ्यांना वगळून फक्त परक्या माणसाचं तोंड दुरुस्त करत बसणं मला अन्यायाचंही वाटतं आणि वेळखाऊही.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरली. चारचौघांत त्यांचा उच्चार कुणी दुरुस्त करायचा नाही. वयाने आणि हुद्द्याने मोठ्या माणसाला हाताखालच्या मुलांसमोर टोकलं की तो बोलायचंच थांबवतो, मग तो कोरियाचा असो की कोल्हापूरचा. न समजलेला शब्द कागदावर टिपून संध्याकाळी त्यांना द्यायचा. ते रात्री काकाओटॉक या कोरियन मेसेजिंग अ‍ॅपवर दुसऱ्या दिवशीच्या सूचना आवाजात रेकॉर्ड करून मला पाठवत, मी दोनच दुरुस्त्या सांगत असे. जास्त सांगितल्या तर एकही टिकत नाही.

आजची स्थिती

संक्रांतीच्या सुमारास तीच यादी पुन्हा रेकॉर्ड करून त्याच दोघांना लिहायला दिली. बोल्ट, डाय, व्हेंडर, ओन्ली आणि आकडे बरोबर उतरले. गेजच्या शेवटी अजून पुसटसा 'इ' ऐकू येतो. 'सील'चं 'शील' होतं, कारण कोरियनमध्ये 'इ'पूर्वी 'स'चा 'श' होतोच आणि तो नियम तोडणं वाङ्मयाच्या नियमापेक्षा अवघड जातंय. 'पेन' आणि 'पॅन' यांतला स्वर वेगळा होत नाही. सोलच्या बोलण्यात हे दोन स्वर आता एकच झाले आहेत आणि ग्योङसाङच्या बोलीतही फरक उरलेला नाही, तेव्हा इथे घरातून काही मिळण्यासारखं नाही. अमेरिकन 'र' त्यांना अजूनही हवा आहे आणि मुख्य कार्यालयाशी होणाऱ्या बैठकांसाठी आम्ही तो आता सुरू केला आहे. सध्या मुख्य काम 'बॅक' आणि 'बॅग' यांच्यावर चाललं आहे. 'ग' घोषासह संपवण्याचा हट्ट सोडून त्याआधीचा स्वर लांब करायचा, बॅऽग. तेवढ्याने सुपरवायझरांना फरक कळतो का, हे पुढच्या कागदावर बघायचं आहे.